तारण

संध्याकाळी साडेसहाच्या सुमाराला कन्हेरीच्या शिवारात या. उसाच्या दोन फडांमधून चारी गेलीय, तिच्या बांधावर दोन माणसं सहज बसतील एवढी जागा आहे. चपला काढा. पाणी सुटलेलं असलं तर त्याचा आवाज येईल. नसलं तर चारीच्या तळाला भेगा दिसतील. दोन्ही चालतं. लांबून मारुतीच्या देवळातली घंटा ऐकू येईल. निवडणूक आली की प्रचाराचा नारळ याच मारुतीपुढं फुटतो आणि चार दिवस आमच्या गावाचं नाव सगळ्या महाराष्ट्राच्या तोंडी असतं. नंतर पुन्हा आम्ही, ऊस आणि पाण्याची पाळी.

घाई नको. आज एका शब्दापाशी बसायचंय, एवढंच.

शब्द तुमच्या ओळखीचा आहे. बारामतीत भिगवण रस्त्यानं जाताना पाट्या दिसतात: सोने तारण कर्ज. बाजार समितीच्या गोदामात शेतमाल तारण ठेवतात. आणि रविवारी उपासनेला बसलो की उपदेशकाच्या तोंडी पुन्हा तोच शब्द. पापांची क्षमा आणि तारण. येशू आमचा तारणारा. लहानपणी मला वाटायचं, देवाकडंही दागिने ठेवावे लागत असणार. आईच्या पाटल्या एका पावसाळ्यात बियाण्याच्या पैशांसाठी गेल्या होत्या, त्या दिवाळीनंतर परत आल्या. मधल्या महिन्यांत भाकरी थापताना तिचे हात दिसायचे. मनगटावर पाटल्यांच्या जागी कातडीचा एक उजळ पट्टा राहिला होता. ती त्याच्याकडं बघत नसे. आम्ही बघायचो.

तो पट्टा क्षणभर डोळ्यांसमोर आणा. तुमच्या घरातही असं काही गेलेलं असेल: डोरलं, बैलजोडी, रस्त्याकडेचा तुकडा. तारण म्हणजे घेणाऱ्यानं आपल्याकडचं मोलाचं काढून देणाऱ्याच्या हवाली करायचं. मग पापाचं कर्ज असेल, तर त्याला तारण कुणी ठेवायचं?

थोडं थांबू. हा प्रश्न लगेच सोडवायचा नाही.

येशूनं शिष्यांना शिकवलेली प्रार्थना आमच्या आजीला तोंडपाठ होती. लिहिता-वाचता न येणारी बाई, पण ती प्रार्थना म्हणताना एका ठिकाणी तिचा आवाज खाली यायचा. मत्तयाच्या शुभवर्तमानात त्या जागी ‘ऋण’ हा शब्द आहे. लूकनं तीच प्रार्थना सांगताना ‘पाप’ म्हटलंय. मत्तय आधी जकातनाक्यावर बसणारा माणूस, त्याला पापसुद्धा येणे-देण्याच्या भाषेत दिसावं यात नवल नाही. आमच्या आजीलाही तसंच दिसायचं. ‘पाप’ म्हटलं की माणूस दुसऱ्याच्या घराकडं बघतो. ‘ऋण’ म्हटलं की आपलंच खातं आठवतं.

तर आपलं खातं आठवा. सगळं नको, एकच नोंद. कुणाला तरी तुम्ही एक शब्द द्यायचा होता आणि दिला नाही, किंवा घ्यायचा नव्हता तो वाटा घेतला. माणसाचं नाव आठवतंय? ते नाव बांधावर आपल्या शेजारी बसू द्या. आत्ता त्याला काही बोलायचं नाही.

इथं आमच्या भागातल्या माणसाची एक अडचण होते आणि ती झाकून ठेवण्यात अर्थ नाही. देव म्हणजे धनको, आपण ऋणको, ही कल्पना आम्हाला सहज गिळता येत नाही. कन्हेरीहून वायव्येला सुपे आहे. आज ते बारामती तालुक्यात येतं, 1875मध्ये भीमथडी तालुक्यात होतं. अमेरिकेतलं यादवी युद्ध 1865मध्ये संपलं तसा कापसाचा भाव पडला, त्यात इंदापूरपासून फेरपाहणी सुरू होऊन शेतसारा वाढलेला. माणसं सावकाराच्या वहीत रुतत गेली. 12 मे 1875ला आसपासच्या गावांतले शेतकरी सुप्याच्या बाजारात जमले आणि त्यांनी सावकारांची दुकानं फोडली. धान्यही लुटलं गेलं. पण सगळ्यांत आधी मागितले ते कागद: वह्या, खतं, रोखे. ते रस्त्यावर आणून जाळले. तिथून हा वणवा पुणे आणि नगर जिल्ह्यांतल्या गावांत पसरला. सरकारनं चौकशीसाठी आयोग नेमला आणि 1879मध्ये दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी वेगळा कायदा करावा लागला.

त्या जाळाकडं बघा. निशाणी केलेला कागद जळताना कसा दिसत असेल? त्यावर काय लिहिलंय हे निशाणी करणाऱ्याला वाचता येत नव्हतं. शंभराचे दोनशे कधी झाले, ते लिहिणाऱ्यालाच ठाऊक. म्हणून सुप्यातल्या माणसांना मी पापी म्हणायला धजणार नाही. त्यांच्यावरचं बरंचसं ऋण खोटं होतं.

माझी गोष्ट वेगळी आहे. माझ्या वहीतली नोंद खरी आहे, अक्षरही माझंच. ती मी जाळली तरी मला पाठ आहे.

पौलानं कलस्सैच्या मंडळीला लिहिलेल्या पत्रात असाच एक कागद आहे: माणसाच्या विरुद्ध जाणारा, त्याला बांधून टाकणारा दस्त. पौल म्हणतो, देवानं तो खोडला, वाटेतून काढला आणि वधस्तंभाला खिळला. सुपे आणि हा वधस्तंभ मी मनात शेजारी शेजारी ठेवून पाहतो. सुप्यात कागद जाळणारे कर्जदार होते. इथं कागदावर हात टाकणारा खुद्द ज्याचं येणं आहे तो. आणि खिळे मारले गेले ते कागदाला नाहीत, त्याच्या हातापायांना. पौलाच्या या एका प्रतिमेवर मी कित्येक रात्री काढल्यात, पण ती मला पूर्ण उलगडली असं म्हणणार नाही.

एक श्वास सावकाश घ्या. चारीकडं बघा. पाणी वाहत असेल तर त्यातून उसाचं एखादं पाचट जाताना दिसेल. ते दिसेनासं होईपर्यंत त्याच्याकडंच बघत राहा.

‘माफी’ या शब्दाचं आम्हाला अप्रूप नाही, उलट त्याची थोडी चेष्टाच आहे. 2008, 2017, 2019: तीन कर्जमाफ्या आम्ही पाहिल्यात. सोसायटीच्या भिंतीवर यादी लागली की चष्मे पुसत माणसं गोळा होतात. यादीत नाव निघालं तो गप्प घरी जातो. नाव नसलेला बडबडतो. आणि तिसरा, ज्यानं दर मार्चअखेर भाऊबंदांकडून उसने आणून हप्ता भरलेला असतो, तो विचारतो, नियमित फेडणाऱ्यांनी काय घोडं मारलंय? उधळ्या पुत्राच्या गोष्टीत थोरला भाऊ अंगणात उभा राहून हेच विचारतो. बाप बाहेर येऊन त्याची समजूत घालतो. तो आत गेला की नाही, हे लूकनं लिहिलेलं नाही. थोरल्याबद्दल मला नेहमीच सहानुभूती वाटत आलीय; नियमित फेडणाऱ्यांतलाच मी एक. निदान सोसायटीपुरता.

पण कर्जमाफी झाली तरी पैसे कुठंतरी भरले जातातच. सोसायटीच्या वहीतला आकडा नुसत्या घोषणेनं शून्य होत नाही. कुणाच्या तरी तिजोरीतून तेवढी रक्कम यावी लागते, मग बोजा कमी केल्याचा फेरफार होतो, मग सातबाऱ्याच्या ‘इतर हक्का’तली ओळ जाते. सातबारा कोरा होतो तो कुणीतरी भरल्यामुळं. ‘देव दयाळू आहे, सोडून देईल’ असं आपण सैलपणे म्हणतो तेव्हा ही भरणा करणारी बाजू विसरतो. ख्रिस्ती विश्वासाचा सगळा जोर तिथं आहे. इब्री लोकांस लिहिलेल्या पत्रात येशूला ‘जामीन’ म्हटलंय. जामीन राहणं म्हणजे काय, हे सोसायटीच्या सभासदाला सांगायला नको. मित्राच्या शब्दाखातर सही केलेली असते आणि एक दिवस नोटीस आपल्या दारात येते.

आता मघाचा प्रश्न परत घ्या. तारण कुणी ठेवायचं?

पेढीत ते घेणारा ठेवतो. इथं देणाऱ्यानंच आपल्याजवळचं सगळ्यांत मोलाचं काढून घेणाऱ्याच्या बाजूनं ठेवलं. व्याकरणानं हे दोन शब्द एक आहेत की वेगळे, ते पंडित जाणोत. मला मात्र आता ‘तारण’ म्हटलं की आईचं मनगट दिसतं.

तो उजळ पट्टा देवाच्या हातावर कल्पून पाहा. जमतंय का? जमलं नाही तर सोडून द्या. पुढं जाऊ.

माफी मिळणं आणि ती खरी वाटणं यांच्यात कधी कधी बरंच अंतर असतं. बोजा उतरून वर्ष झालं तरी सोसायटीच्या दारावरून न जाता मागच्या बोळानं जाणारी माणसं मी पाहिलीत. इथून फार लांब नाही केडगाव, दौंड तालुक्यातलं. तिथल्या पंडिता रमाबाईंच्या आयुष्यात हे अंतर आठ वर्षांचं होतं. रमाबाईंचे वडील अनंतशास्त्री डोंगरे यांची मालमत्ता आल्या-गेल्याचं करण्यात गेली आणि कुटुंब तीर्थांमागून तीर्थं करत देशभर पायी हिंडलं. 1870च्या दशकातल्या दुष्काळात आईवडील दोघंही गेले. जमेल ते दान, स्नान, पारायण झालेलं होतं. एवढं फेडूनही खातं तसंच, हे त्या मुलीनं पाहिलं होतं.

1883मध्ये त्या इंग्लंडला गेल्या. वाँटेजच्या ज्या भगिनींकडं त्या उतरल्या होत्या, त्यांचं लंडनच्या फुलहॅम भागात ‘पतित’ म्हटल्या गेलेल्या बायकांसाठी एक घर होतं. रमाबाईंनी ते पाहिलं आणि विचारलं, हे तुम्ही कशासाठी करता? उत्तर म्हणून एका भगिनीनं त्यांना योहानाच्या चौथ्या अध्यायातली शोमरोनी बाईची गोष्ट सांगितली.

ती गोष्ट आपल्या शिवारातही घडू शकेल. भर दुपारी, जेव्हा दुसरं कुणी पाण्याला येत नाही तेव्हा, एक बाई विहिरीवर येते. पाच नवरे झालेले, आताचा नवरा नव्हे. दमलेला एक परका पुरुष काठावर बसलाय आणि तो तिच्याकडंच पाणी मागतो, जिच्या हातचं त्याच्या लोकांना चालत नाही. तो तिच्या खात्यातली एकेक नोंद तिला सांगतो, पण पळवून लावत नाही. योहान एक बारीकशी गोष्ट टिपून ठेवतो: ती घागर तिथंच टाकून गावाकडं जाते. ज्यांना चुकवण्यासाठी ती टळटळीत उन्हात आली असावी, त्यांच्याचकडं.

त्या घागरीपाशी थांबा. भरलेली होती की रिकामी, ते लिहिलेलं नाही. ती रिकामी होती असं मला वाटतं, पण ते माझ्यापुरतं.

त्याच वर्षी, 29 सप्टेंबर 1883ला, रमाबाईंनी बाप्तिस्मा घेतला. पण 1907मध्ये आपली साक्ष लिहिताना त्यांनी सरळ कबूल केलंय की तेव्हा आपण ख्रिस्ती धर्म घेतला, ख्रिस्त सापडला तो 1891च्या सुमाराला. मधली आठ वर्षं त्या काम करत होत्या, पुस्तक लिहीत होत्या, अमेरिकेत हिंडून पैसा उभा करत होत्या. 11 मार्च 1889ला त्यांनी मुंबईत शारदा सदन काढलं. आणि आत कुठंतरी त्या अजून फेडतच होत्या. फेडायचं उरलेलं नाही हे उमगल्यावर त्यांचं काम कमी झालं का? उलट. 1896-97च्या दुष्काळात मध्य प्रांतातून शेकडो मुली त्यांनी आणल्या, केडगावच्या माळावर संस्था उभी राहिली आणि तिचं नाव ठेवलं मुक्ती. समाजानं टाकलेल्या बायकांसाठी तिथं एक वेगळं घर केलं, त्याचं नाव कृपासदन. हिब्रू आणि ग्रीक शिकून बायबलचं मराठी भाषांतर केलं, ते तिथल्याच बायकांनी छापखान्यात जुळवलं. 5 एप्रिल 1922ला रमाबाई गेल्या, तोवर हे काम चालूच होतं.

अंधारतंय. डास येतील, पाय पोटाशी घ्या. अजून एक गोष्ट राहिलीय आणि ती टाळावी असं मला मघापासून वाटतंय.

मत्तयाच्या अठराव्या अध्यायात येशू एका चाकराची गोष्ट सांगतो. राजाचं त्याच्याकडं दहा हजार तालांताचं येणं. एक तालांत म्हणजे सहा हजार दिनार आणि एक दिनार म्हणजे मजुराचा एक दिवस. गुणाकार करा: 6,00,00,000 दिवसांची मजुरी. एकही सुट्टी न घेता राबला तरी सुमारे 1,64,000 वर्षं. राजा ते सोडतो. चाकर बाहेर येतो आणि शंभर दिनार बाकी असलेल्या सोबत्याचा गळा धरतो. हे शंभर दिनार म्हणजे चिल्लर, असं उपदेशात ऐकायला मिळतं. मला ते पटत नाही. शंभर दिवसांची मजुरी आमच्याकडं एखाद्या दुभत्या शेळीहून जास्त होते. माझं कुणी बुडवलं तर मीही विसरणार नाही. येशूला ते ठाऊक असणार, म्हणून तर त्यानं आकडा एक दिनार ठेवला नाही.

आता मघाशी शेजारी बसवलेलं नाव. ते तुमचं देणं होतं की येणं? माझं देणं होतं.

तीस वर्षं होतील. उन्हाळी आवर्तन होतं. नीरा डाव्या कालव्याचं पाणी फाट्याच्या शेवटाला येईतो पोटरीएवढं उरायचं. रात्री दहा ते सहा चुलत्यांची पाळी, तात्यांची, आणि त्यांच्या मागनं माझी. तात्या बांधावर घोंगडी टाकून झोपले होते, तापानं फणफणलेले. तीनच्या सुमाराला मी त्यांचं दारं मातीनं आणि पोत्यानं बुजवलं आणि पाणी माझ्या सरीत काढून घेतलं. उजाडायच्या आत पुन्हा होतं तसं केलं. पोतं काढताना चिखलात हात कोपरापर्यंत गेला, त्या चिखलाचा गारवा मला आजही आठवतो. तात्यांचा निम्मा मका वाळला. त्यांनी पाटकऱ्याला शिव्या घातल्या, चारचौघांत. मी तिथंच उभा होतो.

तात्या चार वर्षांत गेले. मी देवापाशी कबूल केलं, एकदा नाही, अनेकदा. दाविदाचं स्तोत्र 51 वाचलं. दावीद तिथं म्हणतो की आपण फक्त देवाचा अपराध केला, आणि मला दर वेळी उरियाची आठवण येते. ज्याची बायको घेतली, ज्याला लढाईत मारवलं, त्याचं काय? मग डोंगरावरच्या प्रवचनातली ती सूचना आठवते: वेदीपाशी अर्पण घेऊन आलास आणि भावाचं काही तुझ्यावर आहे असं आठवलं, तर अर्पण तिथंच ठेव, आधी त्याच्याकडं जा. भाऊच उरला नाही तर कुठं जायचं, असं म्हणून मी सुटायचो. लूकच्या शुभवर्तमानातल्या जक्कयानं मात्र पळवाट शोधली नाही. येशू त्याच्या घरी पाहुणा म्हणून आला, आणि त्यानंतर तो उभा राहून म्हणाला की लुबाडलेलं चौपट परत करतो. त्याच दिवशी त्या घराला तारण मिळाल्याचं येशूनं सांगितलं. चौपट हा आकडा मला छळायचा. निम्म्या मक्याचे चौपट किती?

सुटका शोधताना एक माणूस मी सोयीनं विसरलो होतो. पाटकरी जिवंत होता.

मागच्या उन्हाळ्यात एका रविवारी उपासना अर्धी टाकून मी त्याच्या घरी गेलो. रिटायर होऊन त्याला पुष्कळ वर्षं झालेली, डोळ्यांत मोतीबिंदू. ओट्यावर बाजेवर बसला होता. मी उभ्यानंच सगळं सांगून टाकलं: पोतं, माती, तीनची वेळ. तो बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, “म्हणजे गेट बरोबर होतं?”

मला कळेना.

त्या रात्री फाट्याचं गेट त्यानं शेवटचं टेकवलं होतं. दोन इंच खाली राहिलं असेल, आपल्याच हातनं तात्यांचं पाणी तुटलं, असं तो धरून चालला होता. शिव्या खाल्ल्या त्या म्हणूनच उलट न बोलता. नंतर एकटा तात्यांच्या वस्तीवर गेला होता. “पाया पडलो त्यांच्या,” तो म्हणाला. “म्हटलं, माझीच चूक. त्यांनी उठवलं मला. जाऊ दे म्हणाले, मका काय परत येतो.”

मी खाली बसलो. आतून त्याच्या सुनेनं चहा आणला. बशीत ओतताना त्याचा हात थरथरत होता, थोडा चहा बाजेवर सांडला, तो त्यानं पंच्यानं पुसला.

“आवर्तन सुटलं का रं?” त्यानं विचारलं.

“सुटलंय,” मी म्हणालो. “आजच आलंय फाट्याला.”